वर हळद, खाली कुंकू

गुरुवारी आमच्या चाकणच्या पट्ट्यात कंपन्या बंद असतात, म्हणून डिस्क बदलायला मी गुरुवारच निवडला. मशिनं थांबलेली, शिफ्ट नाही, कोणी येऊन "मॅडम, प्रिंट निघत नाही" म्हणणार नाही. सर्व्हरच्या खोलीत मी, नवी डिस्क, सर्व्हरची पुस्तिका आणि स्टोअरचे लक्ष्मणराव. चाव्या त्यांच्याकडे असतात आणि चाव्यांबरोबर तेही येतात.

मी इरा. भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं आणि एप्रिलमध्ये या कंपनीत मोजमापाच्या कामाला लागले. आम्ही दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणारे बुश बनवतो, बोटाच्या पेराएवढे. प्रत्येक लॉटमधल्या तीस बुशांची मापं मायक्रॉनपर्यंत घ्यायची आणि सर्व्हरवर ठेवायची, हे माझं काम. दुसऱ्याच आठवड्यात मी अडकलेला प्रिंटर सोडवला. तेव्हापासून कंपनीत ज्या ज्या वस्तूला वायर आहे ती माझी झाली.

सहा महिन्यांची उमेदवारी सप्टेंबरअखेर संपली होती. कायम केल्याचं पत्रही छापून तयार होतं, पण ते मालक मुकुंद सरांच्या टेबलाच्या उजव्या खणात सहीविना पडलं होतं. "शुक्रवारचं ऑडिट सुरळीत होऊ दे, मग सही," असं सर म्हणाले होते. शुक्रवारी सकाळी दहाला गिऱ्हाईक कंपनीची माणसं येणार, कुठल्याही लॉटचा नंबर सांगणार आणि त्याची मापं तिथल्या तिथे मागणार. सही झाली नाही तर सोमवारपासून मी पुनावळ्यात बँकेच्या परीक्षेच्या क्लासला बसणार होते. बाबांनी जागा धरून ठेवली होती, खिडकीजवळची.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, सर्व्हरने संदेश दिला: जोडी अपुरी.

जोडी म्हणजे डिस्कची. आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकीखाली एक. एकीवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं. एक गेली तरी दुसरी काम चालू ठेवते. मग गेलेली काढायची, तिच्या जागी नवी घालायची, आणि उरलेली डिस्क स्वतःजवळचं सगळं नवीला लिहून देते. सर्व्हर बंदसुद्धा करावा लागत नाही. मी हे लक्ष्मणरावांना समजावून सांगितलं.

"म्हंजी बैलजोडी," ते म्हणाले. लक्ष्मणराव मूळ चिखलीचे. घरी शर्यतीचे दोन बैल आहेत आणि जगातल्या बहुतेक गोष्टी ते त्या दोघांवरून समजून घेतात. "एक लंगडला तरी दुसरा गाडी वढत न्हेतो."

"तसंच काका. फक्त लंगडा राहिला बाजूला आणि चांगलाच बैल सोडला, तर..."

"तर गाडी पालथी. ते काय सांगतीस मला." त्यांनी वरच्या डिस्कला हरण्या आणि खालच्या डिस्कला शंभू अशी नावं देऊन टाकली आणि खुर्ची ओढून बसले.

कोणती डिस्क गेली हे सांगायचं काम सर्व्हरने दिव्यांवर सोपवलेलं असतं. प्रत्येक डिस्कच्या दर्शनी पट्टीवर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा. पुस्तिकेत लिहिलं होतं की दिवा निळा असेल तर डिस्क ठीक, पिवळा असेल तर निकामी, आणि बंद असेल तर विश्रांतीत. मी वाकून पाहिलं. वरचा दिवा फिकट पिवळा वाटत होता, पण खात्री होईना. ट्यूबच्या उजेडात रंग फसवतात. म्हणून मी उठून ट्यूब बंद केली आणि दार लोटून घेतलं. कॉलेजच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत आम्ही हेच करायचो.

अंधारात शंकाच उरली नाही. वरचा दिवा स्वच्छ पिवळा. खालचा बंद.

खालची डिस्क विश्रांतीत आहे, असं मी वहीत लिहिलं. वेळही लिहिली, अकरा बेचाळीस. विश्रांतीतली डिस्क एकटीनं अख्ख्या कंपनीचा गाडा कसा ओढते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला नाही. मी वरच्या डिस्कचा खटका दाबला आणि ती बाहेर ओढली.

पंखे तसेच फिरत राहिले. त्यामुळे पहिले चार सेकंद मी खूश होते. पाचव्या सेकंदाला पडद्यावरची सगळी चित्रं गेली आणि काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली. तिचा अर्थ थोडक्यात असा होता की लिहा-वाचायला आता काहीही शिल्लक नाही.

"झालं का?" अंधारातून लक्ष्मणरावांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

माझ्या आवाजावरून त्यांना काय झालं ते कळलं असावं. त्यांनी उठून ट्यूब लावली.

मी कासारवाडीच्या सनीला फोन केला. नवी डिस्क त्याच्याच दुकानातून आणली होती. "विकल्यानंतरही आम्ही सोबत असतो," असं तो पावती देताना म्हणाला होता.

"सनी, चांगली डिस्क निघाली."

"अरे वा मॅडम. माल आपण चांगलाच देतो."

"तुझी नाही. माझी जुनी. खराब ठेवून चांगली बाहेर काढली मी."

"ओके," सनी म्हणाला, आणि मागे कोणालातरी दोन कटिंग सांगितले. "टेन्शन नाही मॅडम. रिस्टार्ट मारा."

इकडे लक्ष्मणरावांनी माझ्या हातातली डिस्क घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरली. मग वाकून सर्व्हरमधल्या खालच्या डिस्कच्या पट्टीवर हात ठेवला. पुन्हा हातातली चाचपली.

"पोरी, ह्यो हरण्या तर गरम हाय."

"मग?"

"आजारी बैलाचे कान थंड पडत्यात. डोळं बघून न्हाई कळत, कानाला हात लावला की कळतं. शंभूचा कान बघ. बरफ."

मी हात लावला. खालची डिस्क खोलीच्या तापमानाला होती, म्हणजे कितीतरी तासांपासून फिरलेलीच नव्हती. वरची चाळीस अंशांच्या आसपास, म्हणजे मिनिटापूर्वीपर्यंत पूर्ण वेगाने राबत होती. इतका साधा प्रयोग मला सुचला नव्हता. मग मी ट्यूबच्या उजेडात वरच्या डिस्कचा दिवा डोळ्यांजवळ आणला. त्यावर वाळलेला, पिवळा, तेलकट थर होता. नखाने खरवडला. वास घेतला.

"काका, ही हळद आहे?"

"व्हय. खंडेनवमीची." ते थोडे सरसावून बसले. "समद्या मशिनींना लावली. ह्याला हार घालू दिला न्हाई तू, पंखा वढून घेईल म्हनालीस. मग म्हनलं निदान हळद-कुंकू तरी. बारकेच दोन ठिपके व्हते, म्हनून वरच्याला हळद आन खालच्याला कुंकू. तेलात कालवली, म्हंजी झडत न्हाई."

खालच्या दिव्यावर कुंकवाचा जाड, वाळून काळपट झालेला टिळा होता. मी तो रुमालाने पुसला. आतून पिवळा दिवा उघडमीट करायला लागला. बिचारा सोमवारपासून कुंकवाआड ओरडत होता.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. हळदीतला रंग तेलात उतरतो, आणि त्याच्यावर निळा प्रकाश पडला की तो निळा गिळून पिवळा बाहेर टाकतो. याला प्रतिदीप्ती म्हणतात. घरातला पांढरा एलईडी बल्बही आत निळा असतो आणि वर पिवळा थर असतो. हे मला कसं माहीत, तर माझ्या तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पाचा विषयच 'हळदीची प्रतिदीप्ती' हा होता. शंभरपैकी ब्याण्णव गुण होते.

तेवढ्यात फोन वाजला. मुकुंद सर.

"इरा, हा मेल कसला? वरची डिस्क काढली, जोडी बंद. लाल अक्षरात आहे."

सर्व्हर झोपला तरी त्याच्या पोटात एक छोटी चिप वेगळ्या तारेवर जागी असते. काही बिघडलं की ती मालकाच्या फोनवर मेल पाठवते. ही सोय ऑगस्टमध्ये मीच करून दिली होती. कोणी सांगितलंही नव्हतं. सरांवर छाप पडावी म्हणून केली होती.

"काम चालू आहे सर," मी म्हटलं.

"जोडी बंद म्हणजे मापं गेली?"

"नाही सर."

"बघून सांगतेस की वाटतंय म्हणून सांगतेस?" मी उत्तर जुळवत होते तोवर तेच म्हणाले, "निघालो मी." प्राधिकरणातल्या घरून तळवड्यामार्गे, गुरुवारच्या मोकळ्या रस्त्याने, पस्तीस मिनिटं.

आमच्याकडे मापांची आणखी एक प्रत असायला हवी होती. ती एका बाहेरच्या डिस्कवर असते. ती डिस्क गणपतीत सर घरी घेऊन गेले होते. त्यांच्या भाचीच्या, साक्षीच्या लग्नाचे फोटो आणि सहा तासांचा व्हिडिओ तिच्यावर होता. म्हणजे सप्टेंबरची सगळी मापं या क्षणी फक्त लक्ष्मणरावांच्या मांडीवर होती.

मी सर्व्हर पूर्ण बंद केला. खालची मेलेली डिस्क काढून टेबलावर ठेवली, तिच्यावर खडूने फुली मारली. वरची परत तिच्या जागी सरकवली, खटका बसल्याचा आवाज ऐकला आणि सर्व्हर चालू केला. अर्ध्या मिनिटाने पडद्यावर प्रश्न आला. सर्व्हरला ही डिस्क आता परकी वाटत होती. एकदा घराबाहेर गेलेली, न सांगता परत आलेली. तिला आहे तशी आत घ्यायची, की तिच्यावरची जुनी जोडणी पुसून टाकायची? दोन पर्याय, दोन कळा, शेजारीशेजारी.

सरांचा फोन घेताना होल्डवर टाकलेला सनी अजून लाइनवरच होता. "पुसून टाका मॅडम. सगळं फ्रेश चालू. आम्ही दुकानात नेहमी तेच करतो."

"आणि आतला डेटा?"

"बॅकअप असेलच ना."

"बॅकअपवर साक्षी आहे."

"कोण साक्षी?"

मी फोन ठेवला. पुस्तिकेचं ते पान दोनदा वाचलं. मग लक्ष्मणरावांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण मोठ्याने वाचलं की चुका दिसतात.

"बाजारातनं परत आलेला आपलाच बैल हाय," ते म्हणाले. "दावनीला बांध. डाग कशाला पुसतीस?"

मी आत घेण्याची कळ दाबली. डाव्या हाताने उजवं मनगट धरून दाबली, शेजारची लागू नये म्हणून. पांढरी अक्षरं सरकत गेली, चित्रं परत आली. मी सप्टेंबरचा पहिला हाताला लागलेला लॉट उघडला. तीस बुश, तीस मापं. शेवटच्या बुशापर्यंत वाचली. मग दुसरा लॉट उघडला, मग तिसरा. लक्ष्मणरावांनी खिशातून शेंगदाण्याची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. आम्ही दोघांनी खाल्ले.

बारा पंचविसाला मी नवी डिस्क खालच्या जागेत घातली. वरचीने तिला लिहून द्यायला सुरुवात केली. पडद्यावर एक टक्का आला. अंदाजे तीन तास.

साडेबाराला सर आले. लॉट उघडून पाहिले, मापं आहेत हे पाहिलं, खुर्चीत बसले, आणि मग रागावले. ते नेहमी याच क्रमाने करतात.

"खराब कोणती होती?"

"खालची."

"काढलीस कोणती?"

"वरची."

"पुस्तिकेत काय लिहिलंय?"

"पिवळा दिवा म्हणजे खराब. सर, वरचा पिवळाच दिसत होता. त्याच्यावर हळद होती, आणि हळद निळ्या प्रकाशात..."

"इरा." सरांनी हात वर केला. "एकवीस वर्षं कंपनी चालवतोय. टायर पंक्चर झाला, सासरे वारले, तेच सासरे पुन्हा वारले, सगळी कारणं ऐकली. हळद पहिल्यांदा ऐकतोय."

"मालक, हळद मी लावली व्हती," लक्ष्मणराव म्हणाले.

"लावली असेल. म्हणून निळ्याचा पिवळा होतो? हिने डोळे उघडे ठेवून पाहिलं असतं तर कळलं असतं. मला कळलं असतं." ते उठले. "उद्याचं पार पडू दे. पत्राचं नंतर बघू." आणि केबिनमध्ये जाऊन बसले.

'उद्यानंतर सही' आणि 'नंतर बघू' यांत किती अंतर आहे ते मोजायला मायक्रॉनची गरज नव्हती. मला बँकेच्या क्लासची खिडकी दिसायला लागली. तिच्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

"काका, मी प्रकल्पाची वही आणून दाखवू का सरांना? आलेख आहेत त्यात."

"आलेख बघून मालकाला पटल? बैलाला वाट सांगत न्हाईत पोरी. वाटंवर सोडत्यात." ते उठले, चाव्यांचा जुडगा वाजवत स्टोअरमध्ये गेले आणि स्टीलची एक वाटी घेऊन आले. खंडेनवमीची उरलेली हळद. वर तेल तरंगत होतं.

आम्ही तीन पंचवीसपर्यंत थांबलो. नवी डिस्क पूर्ण लिहून झाली, पडद्यावर जोडी पूर्ण असं आलं, दोन्ही दिवे निळे झाले. त्याआधी हा खेळ मी खेळले नसते. तेवढी अक्कल सकाळी आली होती. मग काडेपेटीतल्या काडीच्या टोकाने मी वरच्या दिव्यावर हळदीचं तेल पसरलं, अगदी पातळ. खालच्या दिव्यावर लक्ष्मणरावांनी कुंकू दाबलं, त्यांच्या पद्धतीने, म्हणजे भरपूर. ट्यूब बंद केली. वरचा स्वच्छ पिवळा, खालचा बंद. मी केबिनच्या दारावर टकटक केली.

"सर, जरा बघता का? वरचा दिवा मला पिवळा दिसतोय. पण सकाळी माझं चुकलं, म्हणून तुम्हीच पाहिलेलं बरं."

यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी नंतर तपासून पाहिलं.

सर जवळजवळ धावतच आले. दारातूनच त्यांनी तो पाहिला. खाली वाकले, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला.

"पिवळाच आहे की. आता ही पण गेली?"

"नक्की वरचीच ना सर?"

"नक्की म्हणजे? एवढा ढळढळीत पिवळा आहे. काढ."

"मी नको काढू सर. माझा हात सकाळी चुकला."

"सरक." सर गुडघ्यावर बसले. वरच्या डिस्कच्या खटक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"मालक," लक्ष्मणराव अंधारातून म्हणाले, "आदी कानाला हात लावा."

"काय?"

"दिव्याला लावा सर," मी म्हटलं. "बोटाने पुसा जरा."

सरांनी पुसलं. तांदळाएवढा दिवा त्यांच्या बोटाखालून निळा निघाला. ते बघत राहिले. मग बोट नाकाशी नेलं. मग खालचं कुंकू पुसलं. तोही निळा. लक्ष्मणरावांनी सावकाश ट्यूब लावली. सरांचं एक बोट पिवळं होतं आणि एक लाल.

कोणी हसलं नाही. लक्ष्मणराव छताकडे बघत होते, आणि त्यांचं पोट हलत होतं.

"ही डिस्क मी काढली असती तर?" सरांनी विचारलं.

"काही गेलं नसतं सर, आता जोडी पूर्ण आहे. फक्त मेल आला असता. तुमचा तुम्हालाच."

सर उठले, गुडघे झटकले आणि केबिनकडे चालू लागले. दारात थांबून म्हणाले, "ये."

त्यांनी उजवा खण उघडला.

"ऑडिट उद्या आहे सर," मी आठवण केली. मला नको तिथे अचूक बोलायची सवय आहे.

"माहीत आहे. उद्या त्यांनी सर्व्हरची नोंद वाचली आणि विचारलं की सकाळी चांगली डिस्क कोणी काढली, तर?"

"मी काढली, असं सांगेन."

"आणि दुपारी कोण काढणार होतं, असं विचारलं तर?"

"त्याची नोंद नाही सर."

"म्हणून आज सही करतोय," सर म्हणाले. सही केली, आणि पेन न ठेवता तिच्याखाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: 'दरवर्षी खंडेनवमीला यंत्रपूजेची जबाबदारी यांच्याकडे राहील.' मग पत्र माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ती बाहेरची डिस्क उद्या सकाळी घेऊन येतो. साक्षीला दुसरीकडे हलवतो."

शुक्रवारी गिऱ्हाईकाच्या माणसांनी सप्टेंबरचे चार लॉट मागितले आणि चारही मिनिटाच्या आत दिले. सर्व्हरची नोंद त्यांनी उघडलीच नाही. हळदीची जागा आता सर्व्हरच्या बाजूच्या पत्र्यावर आहे. मी तिथे खडूने चौकोन आखून दिलाय, पाच सेंटिमीटर बाय पाच.

पत्र मी गुरुवारी संध्याकाळीच घरी नेलं. बाबांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं, खालच्या ओळीपाशी थबकले, मग कागदाच्या कोपऱ्यावर उमटलेला पिवळा ठसा आईला दाखवला.

"बघ," ते म्हणाले, "इतकी मोठी कंपनी, पण शुभ पत्राला हळदीचं बोट लावायला विसरले नाहीत."

मी काही दुरुस्त केलं नाही. क्लासच्या खिडकीजवळची जागा सोमवारी शेजारच्या ओजसला मिळाली.